घरातले दुसरे मूल

थॅलेसेमिया असलेल्या मुलाला घेऊन आईवडील दवाखान्यात येतात, तेव्हा पुष्कळदा त्यांच्याबरोबर घरातले दुसरे मूलही असते. ते बाकावर गुपचूप बसते. रिपोर्टांची पिशवी आणि पाण्याची बाटली त्याच्याकडे सांभाळायला दिलेली असते. त्याला काही झालेले नसल्यामुळे डॉक्टर त्याच्याकडे फारसे बघत नाहीत. आई कौतुकाने सांगते, ‘हिचा मुळीच त्रास नाही हो डॉक्टर. फार समजूतदार आहे.’ आजचा लेख या समजूतदार मुलांविषयी आहे.

असा विषय एखाद्या मोठ्या तज्ज्ञाने लिहावा, असे कुणाला वाटेल. पण आजारी मुलावर उपचार करणारे तज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी नाहीतर मुंबई-पुण्याला असतात आणि त्यांच्या टेबलावर फाइल असते ती आजारी मुलाची. निरोगी भावंडाचे पोट दुखले, डोके दुखले, की त्याला जवळच्या डॉक्टरकडे आणतात. म्हणून ही मुले आमच्यासारख्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्यांनाच जास्त भेटतात.

आधी आजाराबद्दल थोडे. थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा जन्मजात आजार आहे. शरीरभर प्राणवायू पोचवणारे हिमोग्लोबिन यात पुरेसे तयार होत नाही. मूल जन्मताना चांगले असते. सहा महिने ते दोन वर्षांच्या दरम्यान ते फिके पडू लागते, वजन वाढत नाही, पाणथरी वाढल्याने पोट पुढे येते. निदान झाले की दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त भरणे सुरू होते, ते कायमचे. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही, त्यामुळे ते यकृतात, हृदयात आणि ग्रंथींमध्ये साठत जाते. म्हणून लोह काढणारे औषध रोज द्यावे लागते. पूर्वी त्यासाठी त्वचेखाली सुई टोचून छोट्या पंपातून रात्रभर, आठ ते बारा तास, डेस्फेराल द्यावे लागे. आता बहुतेक मुलांना डेफेरासिरॉक्सच्या रोजच्या गोळ्या देता येतात. नीट रक्त आणि नीट औषध मिळाले तर ही मुले शिकतात, नोकरी करतात, लग्नही करतात.

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची, तर इतरत्र बालमधुमेहाची, मूत्रपिंडाच्या विकाराची किंवा फिट्सची मुले असलेल्या घरांतही पुढे लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी लागू पडतात. थॅलेसेमिया मी मुद्दाम निवडला. या आजारात निरोगी भावंड बाजूला बसून राहू शकत नाही. आजार त्याच्यापर्यंतही येतो. एकदा बोन मॅरोच्या निमित्ताने आणि एकदा लग्नाच्या वयात. त्याबद्दल पुढे येईलच.

अशा घराचे कॅलेंडर इतरांपेक्षा वेगळे असते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सणवारांपेक्षा ‘रक्ताच्या दिवसा’च्या खुणा ठळक असतात. आदल्या दिवशी हिमोग्लोबिन आणि क्रॉसमॅचिंग, दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी, दिवसभर दवाखाना आणि रात्री उशिरा परत. मे महिन्यात कॉलेजे बंद असल्याने रक्तदान शिबिरे कमी होतात. रक्तपेढीत पिशवी नसली की वडील मोबाइलवर ओळखीच्या प्रत्येकाला फोन लावत बसतात. त्या दिवशी दुसरे मूल शेजारच्या काकूंकडे जेवते, किल्लीने दार उघडून घरात येते, अभ्यास करते आणि झोपते. शाळेचे गॅदरिंग नेमके त्याच दिवशी आले तर आई येत नाही, आणि मूलही ‘चालेल’ म्हणते. नवीन दप्तर पुढच्या महिन्यावर जाते. यात आईबापांचा दोष नाही. त्यांना दोनच हात आहेत आणि जे मूल पांढरे पडले आहे त्याच्याकडे ते आधी धावणार. पण हे आठ-दहा वर्षे चालते. आठ-दहा वर्षे म्हणजे त्या दुसऱ्या मुलाचे अख्खे बालपण.

या काळात मुलाच्या डोक्यात काय चालते, ते वयाप्रमाणे बदलते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला कार्यकारणभाव नीट कळत नाही. त्याला वाटते, आपण बाळाला ढकलले, ‘हे बाळ नको’ असे मनात म्हणालो, म्हणून बाळ आजारी पडले. हे ते कुणाला बोलून दाखवत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला वेगळी भीती असते: त्याच्या ग्लासातले पाणी प्यालो तर मलाही होईल का? याच वयात हेवाही असतो. दवाखान्यातून येताना आजारी भावाला गाडी मिळते, चॉकलेट मिळते, मामा भेटायला येतात ते त्यालाच. एका लहान मुलाने मला अगदी गंभीरपणे विचारले होते, ‘मला पण रक्त लावता का?’ घरातले हसले. मला हसू आले नाही. चौदा-पंधरा वर्षांचे मूल मोबाइलवर आजाराचे नाव शोधते, अर्धवट आणि जुनी माहिती वाचते आणि आपला भाऊ किती वर्षे जगेल याचा हिशेब एकट्यानेच करते. आपण धडधाकट आहोत याचीच त्याला लाज वाटू लागते.

आता दवाखान्यातला अनुभव सांगतो. नऊ वर्षांची मुलगी पोट दुखते म्हणून आणली जाते. पोट मऊ असते, ताप नसतो, लघवीची तपासणी स्वच्छ, जंताचे औषधही देऊन झालेले असते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पोटदुखी. अशा वेळी मी आईला तारखा विचारतो. धाकट्याचे रक्त ज्या दिवशी असते त्याच्या आदल्या रात्री हिचे पोट दुखते, असे निघते. ही मुलगी खोटे बोलत नाही, हे मला ठासून सांगायचे आहे. आतड्याचा आणि मनाचा संबंध फार जवळचा आहे. परीक्षेच्या सकाळी तुम्हा-आम्हालाही तो जाणवतोच. दुखणे खरे असते, त्याचे मूळ मात्र पोटात नसते. अर्थात ‘मनाचे आहे’ असे म्हणण्यापूर्वी डॉक्टरने मूल नीट तपासले पाहिजे. वजन घटत असेल, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल, उलट्या किंवा शौचावाटे रक्त असेल, तर ते निश्चित शारीरिक समजून पुढच्या तपासण्या करायला हव्यात.

पोटदुखीचे मूल निदान दवाखान्यात तरी येते. मला जास्त काळजी वाटते ती काहीच तक्रार न करणाऱ्याची. हे मूल चपला मागत नाही, सहलीचे पत्रक दप्तरातच ठेवते, मार्क चांगले आणते. नातेवाईक त्याचे उदाहरण देतात. मूल इतके शहाणे होते कारण त्याने ताडलेले असते, की या घरात आणखी एका अडचणीला जागा नाही. मुलगी थोरली असेल तर बाराव्या वर्षीच तिच्याकडे कुकर, धाकट्याच्या गोळ्या आणि आजीची औषधे येतात. तिची शाळा बुडते ती कुणाच्या नजरेलाही येत नाही. मुलगा असेल तर त्याला ऐकवले जाते, ‘पुढे तुलाच त्याला सांभाळायचे आहे.’ हे वाक्य दहा वर्षांच्या मुलाला सांगायचे नसते.

या विषयावर जगभरात बराच अभ्यास झाला आहे. २००२ साली अशा ५१ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. दीर्घ आजारी मुलांच्या भावंडांवर परिणाम होतो, पण सरासरीने तो फार मोठा नसतो, असे त्यात दिसले. ज्या आजारांत रोजचे उपचार करावे लागतात तिथे तो अधिक आढळला. म्हणून अशा घरातल्या आईबापांनी घाबरून जाऊ नये. पुष्कळ मुले यातून अधिक मायाळू आणि जबाबदार होऊन बाहेर पडतात. मात्र ती तशी व्हावीत म्हणून त्यांना वाऱ्यावर सोडणेही बरोबर नाही.

काय करावे, हे पालक विचारतात. माझ्या मते सगळ्यात आधी खरे सांगावे. ‘बाबूला बरं नाही’ एवढे पुरत नाही, कारण बरे नसलेले माणूस बरे होते आणि बाबू तर वर्षानुवर्षे दवाखान्यात जातो आहे. लहान मुलाला असे सांगता येते: ‘त्याच्या अंगात रक्त कमी तयार होतं, म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं. हे जन्मापासून आहे. तुझ्यामुळे झालेलं नाही, माझ्यामुळेही नाही. त्याचं उष्टं खाल्लं म्हणून तुला होणार नाही.’ ‘तुझ्यामुळे नाही’ हे मुलाने विचारले नसले तरी आपणहून सांगावे आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा सांगावे. मोठ्या मुलाला आजाराचे नाव, औषधाचे नाव, आताची परिस्थिती मोकळेपणाने सांगावी. सुट्टीत एकदा त्याला रक्त भरायच्या वॉर्डात बरोबर न्यावे. तिथे दहा-बारा मुले पत्ते खेळत, डबा खात बसलेली दिसतात. त्याने कल्पनेत रंगवलेला वॉर्ड याहून फार भयंकर असतो.

दुसरे, त्याचा म्हणून वेळ राखून ठेवावा. रोज नाही जमत, मान्य. आठवड्यातून अर्धा तास, ठरलेल्या दिवशी, आईने किंवा वडिलांनी त्या एकट्या मुलाबरोबर घालवावा. बाजारात भाजी आणायला जोडीने गेले तरी चालेल, मात्र त्या वेळात आजाराचा विषय काढू नये. मामा-काकांनीही घरात शिरल्याबरोबर ‘बाळ कसंय?’ विचारण्याआधी दुसऱ्याच्या अभ्यासाची, क्रिकेटची चौकशी करावी. याला पैसे पडत नाहीत.

राग आला तर तो येऊ द्यावा. ‘मला तो आवडत नाही, तो नसता तर बरं झालं असतं’ असे मूल म्हणाले, की आईच्या काळजात धस्स होते आणि तोंडातून निघते, ‘तुला काय कमी आहे? देवानं तुला धडधाकट ठेवलंय ना!’ हे वाक्य ऐकलेले मूल पुन्हा काही बोलत नाही, आणि आईला वाटते की समजूत पटली. त्यापेक्षा ‘तुला खूप राग आलाय, तुझं गॅदरिंग चुकलं’ एवढेच म्हणावे. राग बोलून गेला की तो बराचसा ओसरतो. आजारी मुलालाही घरातले नियम लावावेत. हट्ट केला, मारामारी केली तर दोघांना सारखे बोलावे. रक्त भरून आलेले मूल पुस्तके आवरू शकते, आणि आपल्याला काचेच्या भांड्यासारखे वागवले जात नाही, हे त्याच्याही प्रकृतीला मानवते.

घरकामात मदत घ्यायला हरकत नाही. पण गोळ्यांचा डोस मोजून देण्याची जबाबदारी मुलावर टाकू नये आणि त्याची शाळा बुडवू नये. वर्गशिक्षकांना घरची परिस्थिती कळवून ठेवावी. सुटलेली सवय परतून अंथरूण ओले होऊ लागले, मार्क एकदम घसरले, मित्र तुटले, झोप उडाली, तर डॉक्टरांना दाखवावे. जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलणे कानावर आले तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची १४४१६ ही टेलिमानस सेवा २०२२ पासून सुरू आहे. त्या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येते.

आता बोन मॅरोविषयी. थॅलेसेमिया मुळातून बरा करण्याचा सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे जुळणाऱ्या भावंडाची अस्थिमज्जा देणे. एका भावंडाची एचएलए चाचणी जुळण्याची शक्यता चारात एक असते. मुंबई महापालिकेचे बोरिवलीला अशा उपचाराचे केंद्र आहे, आणि जुळणारे भावंड असलेल्या गरजू मुलांना दहा लाख रुपयांपर्यंत मदत देणारी कोल इंडियाची योजना आरोग्य मंत्रालयाच्या सहकार्याने २०१७ मध्ये सुरू झाली. चाचणीच्या दिवशी निरोगी मुलाला ‘शाळेसाठी रक्त तपासायचं आहे’ अशी थाप मारलेली मी ऐकली आहे. हे करू नये. रिपोर्ट जुळला नाही तर मूल ‘मी उपयोगाचा नाही’ असे धरून बसते. म्हणून चाचणीच्या आधीच सांगावे, की हे चिठ्ठ्या टाकण्यासारखे आहे, त्यात कुणाचे पुण्य-पाप नाही.

जुळला तर पुढचेही सांगावे. भूल देऊन कमरेच्या हाडातून मागच्या बाजूने सुईने मज्जा काढतात. देणाऱ्याच्या वजनाच्या दर किलोमागे वीस मिलिलिटर ही त्याची सर्वसाधारण वरची मर्यादा मानतात. कंबर काही दिवस दुखते. काढलेली मज्जा काही आठवड्यांत शरीर भरून काढते, हाड कमजोर होत नाही आणि मुलींना पुढे बाळंतपणात त्याचा त्रास होत नाही. भुलीचा धोका थोडा असतो, अजिबात नसतो असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली असे सुचवले, की दाता मूल असेल तेव्हा उपचार करणाऱ्या डॉक्टरांखेरीज एक स्वतंत्र व्यक्ती फक्त त्या दात्याच्या बाजूने विचार करणारी असावी. मला ही सूचना फार मोलाची वाटते. दोन्ही मुलांचे आईबाप एकच असल्याने ते निःपक्षपाती राहू शकत नाहीत; कुणीच राहू शकणार नाही. आपल्याकडे हे काम मुलाचा विश्वास असलेली मावशी, शिक्षक किंवा घरचे डॉक्टर करू शकतात. मुलाला एकट्याला बसवून त्याच्या शंका ऐकायच्या, एवढेच ते काम आहे. आणि प्रत्यारोपण कधीकधी अपयशी ठरते, प्रसंगी दगावण्याचीही भीती असते. तसे झाले तर ‘माझी मज्जा वाईट होती’ हा समज मुलाच्या मनात आयुष्यभर राहू शकतो. तसे नसते, हे आधीच बोलून ठेवलेले बरे.

काही आईबाप विचारतात, आणखी एक मूल होऊ द्यावे का, म्हणजे त्याची मज्जा जुळेल? हिशेब सांगतो. पुढचे मूल मेजर नसण्याची शक्यता चारात तीन, आणि जुळण्याची चारात एक. दोन्ही एकत्र घडण्याची सोळात तीन. पुन्हा मेजर असलेले मूल होण्याची सोळात चार. या आकड्यांवर आणि जन्माला येणाऱ्या जिवावर टाकलेल्या या ओझ्यावर माझे मत फारसे अनुकूल नाही. तरीही ज्यांना मूल हवेच असेल त्यांनी दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेच्या पेशींची तपासणी करून घ्यावी आणि त्यासाठी दिवस राहण्यापूर्वीच केंद्रात नाव घालावे.

शेवटी लग्नाच्या वयाची गोष्ट. आईवडील दोघेही वाहक असतील तर दर गरोदरपणात चारात एक मूल मेजर, दोन वाहक आणि एक पूर्ण मुक्त, असे प्रमाण असते. निरोगी भावंड मेजर नाही हे उघडच आहे. राहिलेल्या तिघांत दोन वाहक. म्हणजे ते वाहक असण्याची शक्यता तीनात दोन आहे. वाहकाला आजार नसतो. त्याला उपचार लागत नाहीत, तो भावाला मज्जाही देऊ शकतो. वाहकाने वाहक नसलेल्याशी लग्न केले तर त्यांच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर होत नाही. दोघेही वाहक निघाले तरी लग्न मोडलेच पाहिजे असे नाही. गरोदरपणातली तपासणी आहेच. हे समजून न घेता, ‘मुलीचं जमणार नाही’ म्हणून घरात मोठे मूल असताना त्याच्या आजाराचे नाव सोयरिकीत दडवले जाते आणि मुलीलाही तोंड बंद ठेवायला सांगितले जाते. पुढे तिच्याच मांडीवर फिके पडलेले बाळ येऊ शकते.

तपासणी साधी आहे. सीबीसी आणि एचपीएलसी पद्धतीने हिमोग्लोबिन ए-टू मोजतात. ते साडेतीन टक्क्यांच्या वर असले तर बहुधा वाहक समजतात. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा फसवा, कमी दिसू शकतो, म्हणून तशा वेळी लोह भरून काढून पुन्हा तपासावे. उलट वाहकाचे हिमोग्लोबिन मुळातच थोडे कमी असते. ते दिसले म्हणून लोहाची कमतरता न तपासता महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या खाऊ नयेत. रक्त कधी भरले असेल तर तेही प्रयोगशाळेला सांगावे. तपासणी लहानपणीच झाली असली तरी सोळा-सतरा वर्षांच्या सुमारास तिचा अर्थ मुलाला किंवा मुलीला समोर बसवून समजावावा, आणि तो रिपोर्ट भावाच्या फाइलीत न ठेवता त्यांच्या दहावीच्या मार्कशीटबरोबर, त्यांच्या स्वतःच्या कागदांत ठेवायला द्यावा.